सर्व्हरचा फेरफार

भवानीनगर इंदापूर तालुक्यात, जिल्हा पुणे. पण तिथे जाणाऱ्या पत्रावर पिनकोड लिहायचा तो ४१३१०४. बारामतीचा ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६, आणि सोलापूर शहराचा ४१३००१. पुणे शहराचे ४११ या भागात कुठे दिसत नाही. हा कुणाचा घोटाळा नाही. जिल्ह्याची हद्द महसूल खात्याची असते. पिनकोडाचे पहिले तीन आकडे मात्र टपाल कोणत्या वर्गीकरणाच्या वाटेने जायचे ते सांगतात. गाव कोणत्या जिल्हाधिकाऱ्याकडे आहे, हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर कधीच नव्हती.

ही योजना ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, डाक-तार खात्यात मोठ्या पदावर होते आणि संस्कृतातले कवी-नाटककारही होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, एकाच गावाची चार प्रकारची स्पेलिंगे, अशा देशात नुसत्या नावावर पत्र पोहोचवणे अवघड होते. भवानीनगर नावाच्या वस्त्याच महाराष्ट्रात किती निघतील! म्हणून माणसाने नाव लक्षात ठेवावे आणि टपालाने आकडा वाचावा, अशी वाटणी झाली. तिचा एक फायदा पुढे दिसला. २०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण ४१३५०१ हा पिनकोड तसाच राहिला. तो नावावरून काढलेला नव्हता, म्हणून नावाबरोबर त्याला बदलावे लागले नाही. रेल्वेचे तसे नाही. तिथे स्थानकाचा संकेत नावातल्या अक्षरांवरून बनतो, त्यामुळे जून २०२५मध्ये स्थानकाचे नाव बदलताना 'यूएमडी'चे 'डीआरएसव्ही' करावे लागले.

संगणकाच्या जाळ्यातही प्रत्येक यंत्राला नाव असते आणि पत्ता असतो. नाव म्हणजे होस्टनेम, माणसांच्या सोयीचे. पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस, वाट शोधण्याच्या सोयीचा. या दोन्हींवर पुस्तके पुष्कळ आहेत. ही पुस्तिका तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही: नाव किंवा पत्ता बदलल्यावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेतल्या नोंदीचे काय होते. माझे म्हणणे एवढेच आहे की जुनी, चुकीची झालेली नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक असते. नोंद नसेल तर माणूस सावध असतो. चुकीची नोंद असेल तर तो निर्धास्त झोपतो.

ही पुस्तिका कुणासाठी, ते आधी सांगतो. बारामती-इंदापूर पट्ट्यात संगणकाच्या जाळ्यावर चालणारे उद्योग आता थोडे नाहीत. भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे, जवळच वालचंदनगर, बारामतीच्या बाजूला माळेगाव आणि सोमेश्वर. याशिवाय दूध संघ, पतसंस्था, महाविद्यालये, दवाखाने. कोणताही सहकारी साखर कारखाना घ्या. वजनकाट्यावर संगणक, शेतकी विभागात संगणक, गावोगावच्या गट कार्यालयांत संगणक, लेखा विभाग, गोदाम, सहवीजनिर्मितीचा नियंत्रण कक्ष, आणि या सगळ्यांच्या मागे एका खोलीत दोन-चार सर्व्हर. ऊस लावल्याची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरचे वजन, त्यावरून सभासदाचे बिल, हे सगळे त्या खोलीतून जाते. हंगामात काट्याचा संगणक सर्व्हरला गाठू शकला नाही, तर यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. नुकसान शेतकऱ्याचेही आणि कारखान्याचेही. अशा ठिकाणी सर्व्हरचा पत्ता हा नुसता तांत्रिक तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

आणि हे सांभाळायला माणसे किती? बहुधा एक, फार तर दोन. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला एखादा मुलगा, जो प्रिंटरही दुरुस्त करतो, कॅमेरेही बसवतो आणि रात्री फोन आला की मोटारसायकल काढतो. ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांतल्या पाचशे पानी कार्यपद्धती त्याच्या कामाच्या नाहीत, आणि त्याचे काम त्या कंपन्यांतल्या कामापेक्षा हलकेही नाही.

नेटवर्क मॅनेजमेंट सिस्टीम, बोलीत एनएमएस, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राची ठरावीक वेळाने विचारपूस करणारी प्रणाली. झॅबिक्स, नागिऑस, लिब्रेएनएमएस, ओपनएनएमएस ही त्यातली मोफत मिळणारी नावे. बहुतेक ठिकाणी दर पाच मिनिटांनी फेरी होते. आधी पिंग: आहेस का? मग एसएनएमपी या पद्धतीने प्रश्न: डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, कोणत्या तारेतून किती माहिती गेली. ही पद्धत १९८८मध्ये पहिल्यांदा मांडली गेली. तिचे प्रश्न १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात, आणि यंत्राला स्वतःहून ओरड करायची असेल तर ती १६२ वर येते. त्या ओरडीला ट्रॅप म्हणतात. उत्तर आले तर पडद्यावर हिरवा ठिपका, नाही आले तर लाल. साधी गोष्ट आहे, पण सगळा भरवसा एका यादीवर आहे: कोणत्या नावाच्या यंत्राला कोणत्या पत्त्यावर विचारायचे.

आता ही यादी जुनी झाली की काय होते ते पाहा. लेखा विभागाचा जुना सर्व्हर निवृत्त झाला आणि नवा वेगळ्या पत्त्यावर आला. जुना पत्ता मोकळा झाला म्हणून तो कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला दिला. एनएमएसमध्ये मात्र त्या पत्त्यासमोर अजून लेखा सर्व्हरचेच नाव आहे. पिंगला रेकॉर्डर इमानाने उत्तर देतो. ठिपका हिरवा राहतो. नवा सर्व्हर बंद पडला तरी हिरवा, त्याची डिस्क भरली तरी हिरवा. हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तिथे दोष यंत्राचा नव्हता, आणि खरे तर त्या मुलाचाही नव्हता, कारण पत्ता बदलला की एनएमएसमध्ये जाऊन बदलायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. नुसत्या पिंगवर विसंबायचे नाही. एसएनएमपीत प्रत्येक यंत्र आपले नाव स्वतः सांगते, त्या खान्याला सिसनेम म्हणतात. एनएमएसमधले नाव आणि यंत्राने सांगितलेले नाव जुळत नसेल, तर इशारा द्यायला लावायचे. ही एक अट लावली तर या पुस्तिकेतल्या निम्म्या संकटांतून सुटका होते.

नाव आणि पत्ता यांची यादी कशी सांभाळायची हा प्रश्न इंटरनेटइतकाच जुना आहे. अमेरिकेत अर्पानेट हे आजच्या इंटरनेटचे पूर्वज जाळे होते. त्यावरच्या सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती फाइल सांभाळत. कुणी संगणक जोडला, हलवला, नाव बदलले, की त्यांना कळवायचे; ते फाइल सुधारत; मग बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची. यंत्रे थोडी होती तोवर हे जमले. पुढे जाळे इतके फुगले की फाइल हातात पडेपर्यंत ती जुनी झालेली असे. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. तिच्यात यादीची जबाबदारी वाटून दिलेली आहे: ज्याची यंत्रे त्याने त्यांची नावे सांभाळावीत.

ती जुनी फाइल मात्र मेलेली नाही. प्रत्येक विंडोज आणि लिनक्स संगणकात 'होस्ट्स' नावाने ती आजही आहे, आणि यंत्र बहुधा आधी तिच्यात पाहते, मग डीएनएसला विचारते. कधी तरी घाईच्या दिवशी कुणी काट्याच्या संगणकात त्या फाइलीत एक ओळ घातलेली असते. पाच वर्षांनी सर्व्हरचा पत्ता बदलला, डीएनएस सुधारला, एनएमएस सुधारली, सगळे चालू झाले, फक्त तो एक काटा चालत नाही. अशा वेळी माणसे केबल बदलतात, स्विच बदलतात, नवा संगणक आणायचा प्रस्ताव देतात. आधी ती फाइल उघडून पाहावी.

म्हणूनच नाव बदलण्याआधी ते कुठे कुठे लिहिलेले आहे याचा माग काढायचा. सर्व्हरमध्ये स्वतः, डीएनएसमध्ये सुलट आणि उलट दोन्ही नोंदींत, डीएचसीपीने राखून ठेवलेल्या पत्त्यांत, फायरवॉलच्या नियमांत, बॅकअपच्या वेळापत्रकात, सुरक्षा प्रमाणपत्रात, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे त्या त्या सॉफ्टवेअरच्या आतल्या सेटिंगमध्ये. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नावाऐवजी थेट आकडा टाकलेला असतो, ते पत्ता बदलल्यावर मुकाट्याने बंद पडते. या पुस्तिकेचा सगळ्यांत लांब भाग या माग काढण्यावर आहे. लांबीबद्दल वाचकाने कुरकुर करू नये, कारण प्रत्यक्ष बदल दहा मिनिटांचा असतो आणि खरे काम तो माग काढण्याचेच आहे.

पत्ते बदलावे का लागतात, असे कुणी विचारेल. एकदा दिला तो राहू द्यावा! पण परिस्थिती राहू देत नाही. फेब्रुवारी १९९६मध्ये खासगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. दुकानातून आणलेला राउटर खोक्यातून काढला की बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने बोलायला लागतो. सणसरचे गट कार्यालय, अंथुर्णेचे गट कार्यालय, निमगाव केतकीचे गट कार्यालय, प्रत्येकाने आपापला राउटर आणला, तर तिन्हींकडे १९२.१६८.१ चीच मालिका असणार. प्रत्येक कार्यालय एकटे असते तोवर कुणाचे अडत नाही. ज्या दिवशी ती मुख्य कार्यालयाशी व्हीपीएनने जोडायची ठरतात, त्या दिवशी १९२.१६८.१.१० हा पत्ता तीन ठिकाणी निघतो आणि एनएमएसला कोणाला विचारायचे ते कळत नाही. मग नव्याने पत्ते वाटण्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी वेलणकरांची युक्ती सरळ उचलता येते: १० च्या मालिकेत दुसरा आकडा कार्यालयाचा, तिसरा विभागाचा, चौथा यंत्राचा. आकडा वाचला की वाट कळते. अशा मालिकेत एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते मावतात, त्यामुळे कंजुषी करायचे कारण नाही. प्रत्येक कार्यालयाला सढळ जागा सोडावी.

दुसरे कारण बाहेरचे. इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलली की तिने दिलेला सार्वजनिक पत्ता परत जातो. तो आपला कधीच नव्हता, भाड्याचा होता. भारतात असे पत्ते स्वतःच्या नावावर घ्यायचे तर २०१२पासून 'आयरिन' या राष्ट्रीय नोंदणी संस्थेकडे अर्ज करता येतो, पण छोट्या संस्थेला ते परवडणारे नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्याला आकडा न देता नाव द्यावे, आणि नावामागचा आकडा आपण बदलत राहावे. सातबाऱ्याचेच घ्या. पूर्वी लोक महाभूलेखच्या जुन्या पत्त्यावर जात, नंतर ते काम महाभूमीच्या पत्त्यावर आले. ज्यांनी जुना पत्ता कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता, त्यांना नवा शोधावा लागला. नाव बदलायचीच वेळ आली तर जुने नाव काही काळ नव्याकडे वळवून ठेवायची सोय डीएनएसमध्ये आहे. तिचा वापर न करणे म्हणजे लोकांना विनाकारण हेलपाटे घालायला लावणे.

आता इतिहासाबद्दल, कारण यावर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. सर्व्हरचे नाव बदलले की पुष्कळ जण एनएमएसमधून जुने यंत्र काढून टाकतात आणि नव्या नावाने पुन्हा घालतात. झटपट होते, पण त्या यंत्राचे गेल्या वर्षांचे आलेख त्याबरोबर जातात. मागच्या गाळप हंगामात डिसेंबरमध्ये भार किती चढला होता, डिस्क महिन्याला किती भरत होती, हे सगळे पुसले जाते. मग नवा सर्व्हर केवढा घ्यायचा हे संचालक मंडळापुढे सांगताना हातात पुरावा राहत नाही, विक्रेता सांगेल ते खरे मानावे लागते. झॅबिक्समध्ये प्रत्येक यंत्राला आतला स्वतंत्र क्रमांक असतो आणि इतिहास त्या क्रमांकाला बांधलेला असतो, म्हणून तिथे नाव निर्धास्त बदलावे. फक्त सर्व्हरवरच्या एजंटच्या, म्हणजे झॅबिक्सला माहिती पुरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, फाइलीतही तेच नाव करायला विसरू नये, नाही तर एजंट स्वतःहून पाठवत असलेली माहिती नाकारली जाते. लिब्रेएनएमएसमध्ये आलेखांच्या फाइली यंत्राच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून तिथे नाव बदलायची वेगळी आज्ञा दिलेली आहे, तीच वापरावी. नागिऑसमध्ये जुन्या घटनांची नोंद नावालाच चिकटलेली असते, तिथे जास्त जपावे लागते.

बदलाची नोंद कशी ठेवावी, यासाठी परदेशी नमुना शोधायची गरज मला कधी वाटली नाही. आपल्याकडे गाव नमुना सहा आहे, फेरफार नोंदवही. जमिनीवरचे नाव बदलायचे तर आधी फेरफार लिहिला जातो, त्याला क्रमांक पडतो. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव लागते. जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. पन्नास वर्षांनी कुणीही तो क्रमांक धरून मागे जाऊ शकतो. सर्व्हरचे नाव किंवा पत्ता बदलताना नेमके एवढेच हवे: एक क्रमांक, जुने काय, नवे काय, कारण, कोणी केले, कोणी तपासले, कधी. ज्यांचे काम अडेल त्या विभागांना आधी सूचना, हरकत घ्यायला वेळ, आणि जुने नाव कंसात जिवंत. इंदापूर तालुक्यातल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही, त्याच्या घरात फेरफाराच्या नकला कपाटात असतात. पुस्तिकेच्या शेवटी दिलेला तक्ता त्याच धर्तीवर केला आहे, आणि त्याला नावही फेरफारच दिले आहे.

एक बदल सगळ्यांत अवघड, आणि तो विसरला जातो: एनएमएसचा स्वतःचा पत्ता बदलणे. आजवर ती सगळ्यांना विचारत होती. आता सगळ्यांना कळवावे लागते की विचारणारा दुसरीकडे राहायला गेला. शहाण्या माणसाने स्विच आणि सर्व्हर यांवर असा नियम लावलेला असतो की एसएनएमपीचे प्रश्न फक्त अमुक पत्त्यावरून आले तरच उत्तर द्यायचे. पत्ता बदलला की सगळे एकदम गप्प होतात आणि पडदा लाल होतो. ते निदान दिसते. पण यंत्रांकडून येणारे ट्रॅप जुन्या पत्त्यावर जात राहतात, आणि ते कुणालाच दिसत नाही. एखाद्या यूपीएसची बॅटरी बसल्याची ओरड अशी मोकळ्या पत्त्यावर जाऊन विरते. म्हणून काही दिवस दोन्ही पत्ते चालू ठेवावेत, प्रत्येक यंत्रावर नवा पत्ता घालावा, आणि प्रत्येकाकडून मुद्दाम एक चाचणीचा ट्रॅप मागवून तो पोहोचल्याची खूण तक्त्यात करावी. कंटाळवाणे आहे, पण याला आडवाट नाही.

नावे कशी ठेवावीत यावर १९९०मध्ये डॉन लिब्स यांनी लिहिलेले एक छोटे टिपण इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आहे. माणसाचे नाव यंत्राला देऊ नये, प्रकल्पाचे नाव देऊ नये, असा त्याचा सल्ला आहे. प्रकल्प संपतो, माणूस बदलून जातो, यंत्र राहते. माझी त्यात एक भर आहे. खोलीचे नावही देऊ नये. 'जुने ऑफिस' नावाचा सर्व्हर नव्या इमारतीत गेला की ते नाव दिशाभूल करू लागते. काम सांगणारे नाव सगळ्यांत टिकाऊ: काटा, शेतकी, लेखा, आणि पुढे अंक. मराठी शब्द बेलाशक वापरावेत, पण तूर्त रोमन अक्षरांत. होस्टनेममध्ये रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच चालते, खालची रेघ चालत नाही, आणि एका टप्प्याला ६३ अक्षरांची मर्यादा आहे. २०१४मध्ये देवनागरीतले 'डॉट भारत' आले, संकेतस्थळाला मराठीत नाव घेता येते, पण पडद्यामागे त्याचे रोमन सांकेतिक रूपच चालते. देखरेखीची काही साधने ते रूप जसेच्या तसे दाखवतात, आणि मध्यरात्री ते कुणाला वाचता येत नाही.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. कारखान्यात नावे-पत्ते बदलायचे तर गाळप थांबल्यावर, मे-जूनमध्ये, मिलची दुरुस्ती चालते त्याच काळात. पतसंस्थेत मार्चअखेरीच्या आसपास हात लावू नये, महाविद्यालयात प्रवेश आणि निकालाच्या आठवड्यांत नाही. बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसमधली टीटीएल, म्हणजे जुने उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचे ती मुदत, एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणावी; ८६४०० चे ३०० करायचे, एवढेच. मग बदल केल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत जुन्या पत्त्यावर जाणारे वाट चुकलेले संगणक उरत नाहीत. बदल झाल्यावर एनएमएसच्या दोन फेऱ्या समोर बसून पाहाव्यात, सिसनेम जुळले का ते तपासावे, काट्यावरच्या माणसाला फोन करून एक पावती छापायला सांगावी, आणि तक्त्यात सही करून मगच खोलीचे कुलूप लावावे.

विंडोजच्या डोमेन कंट्रोलरचे नाव बदलणे या पुस्तिकेत मुद्दाम घेतलेले नाही. त्याला वेगळी तयारी आणि वेगळा अभ्यास लागतो, आणि अर्धवट सूचनांवर तो हात लावायचा विषय नाही. बाकी प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. ज्याला आज रात्रीच पत्ता बदलायचा आहे त्याने माग काढण्याचे प्रकरण आधी उघडावे, आणि ज्याच्याकडे अजून वेळ आहे त्याने उद्या सकाळी एनएमएसमधली यादी छापून हातात घ्यावी, प्रत्येक यंत्रासमोर जाऊन उभे राहावे आणि नाव व पत्ता डोळ्यांनी पडताळून ओळीसमोर बरोबरची खूण करावी.